गुरुजी, त्याला वाद्यासकट बोलवा

पत्र :

‘मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात गेली ३४ वर्षं व्हायोलिन शिकवतो. नाटकांना, भजनांना साथ करत आलो. माझ्याकडे एक मुलगा तिसरीत असल्यापासून येतो, आता वीस वर्षांचा आहे. हात गोड, कान त्याहून चांगला. गुरुपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात तो एक काळं, चकचकीत व्हायोलिन घेऊन आला. कार्बन फायबरचं. गजही त्याच जातीचा. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून घेतलं म्हणाला. मी सगळ्या मुलांसमोर त्याला म्हटलं, “हे प्लास्टिक घेऊन माझ्या बैठकीत बसायचं नाही.” काही न बोलता त्याने ते पेटीत ठेवलं, माझ्या पाया पडला आणि गेला. दोन महिने झाले, आलेला नाही. कोजागिरीला आमच्या अंगणात विद्यार्थ्यांची बैठक असते. दरवर्षी शेवटी तो वाजवतो. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. मी परंपरा सांभाळली, की मुलगा गमावला? आणि त्या काळ्या वाद्यात खरंच काही असतं का? – एक व्हायोलिनशिक्षक (नाव छापू नये)’

उत्तर :

गुरुजी, सादर नमस्कार.

मुलगा तुम्ही गमावलेला नाही. पाया पडून गेलेला मुलगा दार ओढून घेत नसतो. पण आता ते दार तुम्हालाच ढकलावं लागेल, आणि त्यासाठी कोजागिरीची वाट पाहू नका. कसं बोलवायचं ते पुढे सांगते. आधी त्या काळ्या वाद्याबद्दल बोलू. त्याबद्दल मन मोकळं झालं नाही तर तुम्ही त्याला बोलवाल, तो येईल, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत पुन्हा तेच होईल.

माझे वडील मडगावला वाद्यं दुरुस्त करायचे. पेट्या, तानपुरे, आणि सगळ्यांत जास्त व्हायोलिनं. मडगावकडच्या सासष्टीत लादाईनला, म्हणजे ख्रिस्ती घरांतल्या प्रार्थनेला, व्हायोलिन लागायचं, चर्चच्या शाळांत मुलं ते स्वरलिपी वाचून शिकायची. इकडे अंत्रुजात, म्हणजे तुमच्या फोंड्याकडे, तेच वाद्य मांडी घालून भजनाला आणि नाटकाला वाजायचं. बाबांच्या फळीवर दोन्हीकडची व्हायोलिनं एकमेकांना टेकून पडलेली असत. जून लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. खुंट्या फुगून अशा घट्ट बसायच्या की पिळल्या तर मोडतील. त्याच खुंट्या जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात सैल पडायच्या आणि भर कार्यक्रमात तार उतरायची. सांधे सुटायचे, गजाचे केस ओल धरून ढिले पडायचे, खाऱ्या हवेने तारांना गंज चढायचा, पेटीच्या आतल्या मखमलीला बुरशी यायची. लोक कपाटात वाद्याशेजारी झिरोचा दिवा रात्रंदिवस पेटता ठेवत. तुम्ही ३४ पावसाळे काढलेत, हे तुम्हाला नवं नाही. पण एवढं लक्षात घ्या की तो मुलगाही याच पावसात वाढला आहे. थंड डोंगरातल्या स्प्रूस आणि मेपलचं वाद्य आपण या हवेत जगवतो आहोत. ज्याच्यावर या ओलीचा फारसा परिणाम होत नाही असं वाद्य कुणी समोर ठेवलं, तर त्याला ते आपलंसं वाटणारच.

बाबांची एक गोष्ट सांगते. ते सांधे फक्त सरसाने, म्हणजे जनावरांच्या चामड्याहाडांच्या गोंदाने, जोडायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, बाजारात पांढरा गोंद मिळतो, सरसापेक्षा घट्ट बसतो. बाबा म्हणायचे, घट्ट बसतो म्हणूनच नको. सरसाचा सांधा ओल्या, कोमट पात्याने उघडता येतो. वरची पाटी काढून आतली तड भरता येते आणि पुन्हा बंद करता येते. तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिनं आज वाजतात, कारण ती अशी कितीदा तरी उघडली गेली आहेत. एकदा एक चांगलं जुनं व्हायोलिन कुणीतरी घरच्या घरी पक्क्या गोंदाने चिकटवून आणलं. ते उघडताना पाटीची कड फाटली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. नवी कुठलीही वस्तू आली की ते एकच प्रश्न विचारत : “उद्या हे उघडता येईल ना?”

नवं नाकारणाऱ्या माणसाकडे असा एक चांगला प्रश्न असला, तर त्याचा नकार वाद्याच्या कामी येतो. तुमच्या शिष्याने जे केलं त्याला हा प्रश्न लावून पाहा. तारा बदलल्या, नाही आवडल्या, तर पुन्हा जुन्या चढवायला अर्धा तास लागतो. गज आवडला नाही तर खाली ठेवता येतो. हल्ली आत बारीक दातेरी चक्रं असलेल्या खुंट्या मिळतात. दिसायला लाकडी खुंटीसारख्याच, पण ओलीने फुगत नाहीत आणि केसभर फिरवता येतात. तिथे मात्र मी थोडं थांबा म्हणेन, कारण त्या बसवताना कधीकधी भोकं रुंद करावी लागतात. चांगल्या जुन्या वाद्यावर ते काम जाणत्या कारागिराशिवाय करू नये. आणि काळं व्हायोलिन? ते तर वेगळंच वाद्य आहे. त्याने लाकडी व्हायोलिनला हातही लावलेला नाही. तुम्ही दिलेलं सगळं जसंच्या तसं शाबूत आहे.

आता तुमचं स्वतःचं व्हायोलिन मांडीवर घ्या आणि वरून खाली न्याहाळा. त्याची मान जितकी लांब आणि मागे कललेली आहे, तितकी ती स्ट्रादिवारी या नामवंत इटालियन वाद्यकाराच्या काळात नव्हती. स्ट्रादिवारी १७३७ साली गेले. पुढे मोठी सभागृहं आली, तारांचा ताण वाढवावा लागला, आणि त्यांच्या जवळजवळ सगळ्या व्हायोलिनांच्या माना बदलण्यात आल्या. वरच्या पाटीला आतून आधार देणारी बेसबारची पट्टीसुद्धा बदलली. तुम्ही हातात धरता तो आत वळलेला गज १७८०च्या दशकात पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त यांनी घडवलेल्या आकाराचा. चिनरेस्ट, म्हणजे हनुवटीचा टेकू, १८२०च्या सुमारास लुई श्पोर या वादकाने आणला. त्याआधी शंभराहून जास्त वर्षं व्हायोलिन त्याच्याशिवायच वाजत होतं. सगळ्यांत वरची पोलादी तार तर परवाची म्हणावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे आतड्याची तात असायची. ती सारखी तुटायची, पहिल्या महायुद्धात मिळेनाशी झाली, तेव्हा पोलाद आलं. खाली तारा अडकवतात त्या टेलपीसवरचा तो बारीक स्क्रू त्या पोलादी तारेसोबतच आला. आवाज पत्र्यासारखा येतो अशी तक्रार तेव्हाच्या जाणकारांनीही केली. १९७० साली व्हिएन्नाच्या थॉमास्टिक कंपनीने नायलॉनच्या जातीच्या गाभ्याची डॉमिनंट तार आणली, आणि पाहता पाहता तशा तारा जगभर विद्यार्थ्यांच्या वाद्यांवर चढल्या. तुमच्या पेटीतलं पाकीट वाचून पाहा, बहुधा त्यातलीच एखादी असेल. म्हणजे आपण ज्याला ‘प्लास्टिक’ म्हणतो, त्याच्या एका भावंडावर तुम्ही रोज सा लावता.

हे मी तुम्हाला चूक ठरवायला सांगत नाही. विसाव्या शतकातले थोर व्हायोलिनवादक हायफेट्झ यांचं उदाहरण मला फार आवडतं. त्यांनी वरची तार पोलादाची घेतली आणि मधल्या दोन मात्र साध्या तातीच्याच ठेवल्या. सगळं नवं घेतलं नाही, सगळं जुनं धरलंही नाही. एकेका तारेचा निर्णय वेगळा घेतला. तसं करायला मोठा कान लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे.

आणि मुळात व्हायोलिन आपल्या संगीतात आलं तेच मुळी परक्याच्या हातातून. मद्रासकडे बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनी ते युरोपीय वादकाकडून शिकून कर्नाटक संगीतात आणलं. उभं राहून हनुवटीखाली धरायचं वाद्य जमिनीवर बसून, टोक पायावर टेकवून वाजवायला आपल्या लोकांनी सुरुवात केली. साहेबाची तारांची जुळणी बदलून सा-पची केली. त्याला गजाननराव जोशींनी गायकी अंग दिलं, आपल्या पेडण्याकडच्या पार्सेच्या श्रीधर पार्सेकरांनी ते नाट्यगीतासारखं गायला लावलं. ज्या परंपरेचं नाव घेऊन तुम्ही त्या मुलाला थांबवलंत, ती परंपराच अशा धाडसाने उभी राहिली आहे.

आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुमची बाजू पक्की आहे आणि ती त्या मुलालाही कळायला हवी.

वादक नव्या वाद्याला उशिरा हात लावतात, याला लोक हट्ट म्हणतात. मला ते पटत नाही. व्हायोलिनला पडदे नसतात. घोडीपासून मानेच्या वरच्या टोकापर्यंतची वाजती तार साधारण पावणेतेहतीस सेंटीमीटर. एवढ्याशा अंतरात तीन सप्तकं बोटांच्या टोकांना पाठ करावी लागतात. कोमल गंधार दरबारीत कुठे बसतो आणि भीमपलासीत कुठे, यातलं अंतर मिलिमीटरच्या हिशेबात असतं. मानेची जाडी थोडी बदलली, घोडीची कमान थोडी सपाट झाली, तरी वीस वर्षांचं पाठांतर डळमळतं. गजाचं वजन दोन-चार ग्रॅमने इकडेतिकडे झालं तर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं, कुठे संपवायची हा मनगटाचा अंदाज चुकतो. शिवाय साथीदाराला मंचावर प्रयोग करायची मुभा नसते. गायकाने तान टाकली की तिच्या मागोमाग जायचं असतं. तिथे हात चुकला तर पुढचं निमंत्रण येत नाही. ज्याच्या पोटाचा आधार एका वाद्यावर आहे, त्याने दुसऱ्याकडे सावधपणे पाहिलं तर त्यात शहाणपण आहे. तंत्रज्ञ हे विसरतात. नवं वाद्य बनवणाऱ्याला ते वर्षभरात बनवता येतं, वाजवणाऱ्याला त्यासाठी हात पुन्हा घडवावा लागतो.

पण ही सावधगिरी हातातून आणि कानातून यायला हवी. डोळ्यांतून आली की गडबड होते, आणि डोळे आपल्याला फार फसवतात.

१८१९ साली पॅरिसमध्ये फेलिक्स साव्हार या पदार्थवैज्ञानिकाने सरळ कडांचं, खोक्यासारखं व्हायोलिन बनवलं. विद्वानांच्या समितीसमोर ते एका नावाजलेल्या जुन्या इटालियन व्हायोलिनच्या जोडीने, दिसणार नाही अशा रीतीने वाजवलं गेलं. ऐकणाऱ्यांना दोन्हींत फरक सांगता येईना. तरी ते कुणी वापरलं नाही. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि वाद्यकार जोसेफ कर्टिन यांनी २१ वादकांना काळे चष्मे लावून, मंद उजेडात सहा व्हायोलिनं दिली. तीन नवी, तीन जुनी; जुन्यांत दोन स्ट्रादिवारी आणि एक ग्वार्नेरी या दुसऱ्या नामवंत इटालियन वाद्यकाराचं. घरी कोणतं न्याल असं विचारल्यावर १३ जणांनी नवं निवडलं. ती नवी वाद्यं लाकडाचीच होती, तेव्हा यावरून कार्बनला पास करता येणार नाही. पण डोळे झाकले की मोठ्या मोठ्यांची निवड बदलते, एवढं तरी त्यातून दिसलं. तिसरं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. २० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनला ओबामांच्या शपथविधीत कडाक्याच्या थंडीत विख्यात वादक यो-यो मा चेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातलं मोठं वाद्य, घेऊन बसले होते. कार्बन फायबरचा चेलो नेण्याचा विचार त्यांनी केला होता, पण त्याच्या वेगळ्या दिसण्याकडे लोकांचं लक्ष जाईल म्हणून तो सोडून दिला. लाकडी वाद्यं त्या थंडीत सुरात राहणार नव्हती, म्हणून शेवटी आधी ध्वनिमुद्रित केलेलं संगीत लोकांना ऐकवलं गेलं. इतका मोठा कलावंत, कार्बनचं वाद्य स्वतः वाजवणारा, त्यालाही लोकांच्या डोळ्यांचा विचार करावा लागला. तुम्हाला त्या दिवशी काळा रंग खुपला असेल तर त्यात तुम्ही एकटे नाही.

‘प्लास्टिक’ हा शब्द मात्र सोडून द्या. कार्बनच्या अतिशय बारीक तंतूंचं कापड विणतात, ते साच्यात थरावर थर बसवून राळेसारख्या द्रावणाने घट्ट करतात. विमानं आणि शर्यतीच्या होड्या अशाच बनतात. होडीवरून आठवलं. अशा चेलोची कल्पना पुढे नेणारे लुईस लेग्विया हे बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रातले चेलोवादक होते आणि शिडाची होडी हाकायचे. पाण्यावर त्यांच्या होडीचा पोकळ सांगाडा किती घुमतो हे त्यांच्या कानाने टिपलं आणि तिथून त्यांचं काम सुरू झालं. आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या आल्या तेव्हाही रापणीची जाळी ओढणाऱ्या जुन्या रापणकारांना असंच चुकल्यासारखं वाटलं होतं. होड्या बदलल्या, पण समुद्र वाचायची त्यांची विद्या त्यांच्याकडेच राहिली.

गजाच्या बाबतीत तर मी तुम्हाला थोडा आग्रहच करीन. उत्तम लाकडी गज पर्नांबुको या ब्राझीलच्या झाडाचा असतो. ज्या मुलखातून आपल्याकडे काजू आला, तिथलंच हे झाड. ते इतकं तोडलं गेलं की २००७पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. पुढच्या पिढीच्या प्रत्येक मुलाला चांगला पर्नांबुको मिळणार नाही. कार्बनचा बरा गज हा स्वस्त लाकडी गजापेक्षा विद्यार्थ्याच्या हाताला बहुतेक वेळा चांगला पडतो. तो कायमचा वाकडा होत नाही, पावसात त्याची काठी बदलत नाही. केस मात्र घोड्याचेच असतात, ते ओल धरणारच, तेव्हा वाजवून झाल्यावर गज सैल करायची शिस्त तुम्हीच लावायची.

आपल्या गोव्यात हा प्रश्न नवा नाही. घुमट या आपल्या मातीच्या तालवाद्याचं तोंड घोरपडीच्या चामड्याने मढवायचे. घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बकऱ्याचं चामडं आलं, तेव्हा जाणत्यांनी तक्रार केली की तो घुमणारा आवाज गेला. तक्रार खरी होती, दोन्ही चामडी सारखी बोलत नाहीत. पण वाजवणाऱ्यांनी मढवण्याची ओढ बदलली, थापेची जागा बदलली, आणि आज चवथीला घरोघर आरती त्याच घुमटावर होते, सुंवारीचं वादन रंगतं. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. वारसा म्हणून मान मिळाला तेव्हा चामडं आधीच बदलायला लागलं होतं.

तुमच्याच तालुक्यातल्या बोरीचे पंडित तुळशीदास बोरकर आठवा. ज्या पेटीने, म्हणजे हार्मोनियमने, त्यांना पद्मश्री मिळवून दिली, त्या पेटीला १९४० साली ऑल इंडिया रेडिओने दार बंद केलं होतं, ते १९७१पर्यंत. मींड निघत नाही, स्वर साहेबी, हा आक्षेप. आक्षेपात तथ्य होतंच.

पण सर्वांत जास्त शिकण्यासारखं मला संतूरमध्ये दिसतं. १९५५ साली मुंबईत शिवकुमार शर्मांनी ते मोठ्या मैफलीत वाजवलं, तेव्हा जाणकार म्हणाले, स्वर तुटक आहेत, मींड नाही, हे वाद्य रागदारीला चालणार नाही. त्यांनी त्या आक्षेपाशी वर्षानुवर्षं झुंज दिली. तारांची मांडणी बदलली, नको असलेलं घुमणं कमी व्हावं म्हणून लाकडी स्टँडवरून वाद्य मांडीवर घेतलं, आघाताची रीत बदलली. गुरुजी, ‘मींड नाही’ या आक्षेपावर कलावंताला काम करता येतं. ‘प्लास्टिक’ या आक्षेपावर काय करणार? त्याला फक्त पेटी बंद करता येते, आणि त्याने तेच केलं.

माझ्या हातून हे घडलं आहे, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहिते. मी गाणं शिकवायचे तेव्हा माझ्याकडे एक परिचारिका यायची. तिची रात्रपाळी असायची, राहायची वसतिगृहात. एकदा तिने इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आणली. मी मिरजेच्या तानपुऱ्यांत वाढलेली. मंगळवेढ्याकडचे भोपळे बाबांच्या दुकानात वाळताना पाहिलेली. चौघींसमोर मी तिला म्हटलं, ही भुणभुण माझ्या घरात नको. ती हसली आणि पेटी पिशवीत ठेवली. पुढच्या महिन्यात तिचं येणं थांबलं. पुष्कळ वर्षांनी भेटली तेव्हा म्हणाली, त्या खोलीत खरा तानपुरा ठेवायला जागाच नव्हती, त्या पेटीवरच माझा रियाज चालायचा. गाणं सुटलं होतं. बेंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७९ साली पहिला इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, तो अशाच लोकांच्या कामी आला, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. जवारीचा जो झणत्कार खऱ्या तानपुऱ्यातून उठतो तो त्या पेटीत नाही, हे मी आजही म्हणेन. पण तो झणत्कार तिला ऐकवणं माझं काम होतं. तिची पेटी हिसकावणं नव्हतं.

तेव्हा आता करायचं ते असं.

आजच, हे वाचून झाल्यावर, त्याला फोन करा. दुसऱ्या शिष्याकरवी निरोप धाडू नका, त्याच्या आईला मध्ये घालू नका. ‘ये एकदा’ एवढं म्हणू नका, कारण त्याला कळणार नाही की काय घेऊन यायचं. म्हणा, “बाळ, मी तुझं वाद्य न ऐकताच बोललो. ते घेऊन ये, मला ऐकायचं आहे.” माफीचा शब्द तुमच्या वयाला जड जात असेल तर नका उच्चारू, हे वाक्य पुरेसं आहे. मात्र जे सगळ्यांसमोर बोललात ते सगळ्यांसमोरच मागे घ्यायला हवं, म्हणून त्याला इतर मुलांच्या वेळेला बोलवा. ती मुलंही त्या दिवसापासून काहीतरी शिकून बसली आहेत : गुरुजींपुढे नवं काही आणायचं नाही. तेही पुसायला हवं.

तो आला की लगेच निकाल देऊ नका. पहिल्या दिवशी नवं वाद्य कानाला एक तर फार आवडतं किंवा मुळीच आवडत नाही. दोन्ही खरं नसतं. वाद्य आठवडाभर तुमच्याकडे ठेवून घ्या आणि स्वतः वाजवा. पहाटे, एकट्याने, आधी नुसता खर्ज. मंद्रातला पंचम भरून येतो की पोकळ राहतो? लांब गज ओढताना शेवटच्या चार बोटांच्या अंतरात आवाज बारीक होतो का? यमनमध्ये निषादावरून षड्जावर जाताना बोट घसरतं की थांबत थांबत जातं? मग त्याच वाद्यावर तुमचा जुना गज लावा, आणि त्याचा नवा गज तुमच्या व्हायोलिनवर. बऱ्याचदा जो दोष आपण वाद्याला लावतो तो गजाचा किंवा तारांचा निघतो. तारा बदलून पाहिल्याशिवाय तर कुठल्याच व्हायोलिनबद्दल बोलू नये.

आठव्या दिवशी मुलांना बसवा आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. त्याने दोन्ही वाद्यांवर तोच राग, तेवढाच वेळ, कोणतं आधी ते न सांगता वाजवायचं. सोबत पेटी आणि तबला असू द्या, कारण साथीत वाद्य कसं मिसळतं हे एकट्याने कळत नाही. एखाद्या मुलाला ओसरीच्या टोकाला उभं करा, लांबून काय पोचतं ते तो सांगेल. माझा अंदाज विचाराल तर सांगते : कार्बनचा आवाज मोठा आणि सारखा येईल, चारही तारांवर एकाच जातीचा, आणि तुम्हाला त्यात लाकडाचा तो तारेगणिक बदलणारा स्वभाव चुकल्यासारखा वाटेल. पण माझा अंदाज तुमच्या कानापुढे काहीच नाही, आणि वाद्यावाद्यात फरक असतो.

नंतर जे ऐकू आलं ते त्याला खरं सांगा. त्याला बरं वाटावं म्हणून खोटी स्तुती करू नका, तो ३४ वर्षांचा कान ऐकायला येतो. ‘तार सप्तकात छान बोलतं, मंद्रात मला अजून भर हवी, जाड तार बदलून बघ’ असं बोला. एवढ्या एका वाक्यावर त्याचे सहा महिने निघतील. आणि लाकडी वाद्य त्याने विकू नये, एवढा शब्द त्याच्याकडून जरूर घ्या. बैठकीला, रागाच्या विस्ताराला लाकूड. पावसाळ्यात, प्रवासाला, उघड्यावरच्या भजनाला कार्बन, अशी वाटणी मी स्वतः केली असती.

कोजागिरीला कोणतं वाजवायचं ते त्या आठवड्यानंतर दोघांनी मिळून ठरवा. ते आज ठरवण्याचं कारण नाही. फक्त बैठक अंगणात आहे आणि दव पडायला लागलं की तुमच्या व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडतात, हे तुम्हाला माहीत आहे. मध्यरात्रीनंतरची पाळी त्याची असेल, तर काळं व्हायोलिन जवळच ठेवायला सांगा.